मी पिना गरम असतानाच मोजल्या

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं उभी राहिले आणि हे मनात यायला लागलं की मी घंटा जोरात वाजवायची. देवालाही ऐकू जाऊ नये म्हणून! हसताय ना? हसा. मलाही आज हसू येतंय. सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं. शेवटी गॅस बंद केला, नातीची अर्धी कोरी वही ओढली आणि बसले.

तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, ते फार बरं आहे. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे सांगताना त्याचं तोंड बघावं लागतं.

लिहायला मी कुणाकडं शिकले नाही. शाळा तिसरीपर्यंत. पुढचं वाचन सगळं पुड्यांच्या कागदावर झालं, म्हणून माझ्या लिहिण्याला पुढचं-मागचं पान नसतं. सांभाळून घ्या. नाही, नका घेऊ. आज सांभाळून घ्यायचंच नाहीये.

आधी माझी ख्याती ऐका. आमच्या चिंचवडात कुठं सासू-सुनांचं वाजलं, भावाभावांनी बोलणं टाकलं, की मला बोलावतात. "इंदूकाकूंना आणा. ज्या माणसानं नवऱ्याच्या विरुद्ध तोंड उघडलं, त्याला माफ केलं त्यांनी! केवढं मोठं मन!" मग मी जाते. खुर्चीत बसते, चहा घेते, आणि सांगते, "बाळ, माफ करावं गं. त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी. सूड घेणारीला जेवण गोड लागत नाही." हे खरं आहे बरं का! अगदी शंभर नंबरी खरं. पण हे मला कसं कळलं, ते मी सांगत नाही. लोकांना वाटतं, मी सूड घेतलाच नाही.

घेतला. चांगला दीड वर्ष घेतला. रोज, कारखान्यातली पाळी सुटेपर्यंत, मधे डबा खाऊन, हात धुऊन पुन्हा घेतला.

आणि तरी खरी गोष्ट ही नव्हेच. खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. पण ती सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. एकदम तोंडातून निघत नाही हो ती.

आम्ही कोरेगावकडचे. लग्नानंतर वर्षभरात ह्यांच्यामागं इकडं आले. तेव्हा चिंचवड म्हणजे अर्धं गाव आणि अर्धे पत्रे! जिकडं बघावं तिकडं नवीन शेड उभी राहतेय. एका कंपनीचा भोंगा थांबला की दुसरीचा सुरू, घरात घड्याळ घ्यायची गरजच नव्हती. आमचे हे एका छोट्या शेडमध्ये पत्रा दाबून कापायच्या प्रेसवर होते. मोठ्या कंपनीच्या गाड्यांना लागणारे बारकेसारके भाग तिथं व्हायचे. पिना, पट्ट्या, वॉशर. माणसं वीस-पंचवीस, पण काय रुबाब वाटायचा मला! माझा नवरा यंत्रावर आहे, म्हणून मी नळावर जरा ताठच उभी राहायची.

आमचे हे माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. दारू राहू द्या, कांदाही आमच्या घरात चोरून आणावा लागायचा. आणि शेडमधला त्यांचा जवळचा माणूस म्हणजे गणपत टर्नर. हा चऱ्होलीचा, तिथून सायकल मारत यायचा. लेथवर त्याच्यासारखा हात नव्हता कुणाचा. लोखंडाची कांडी फिरत असायची, हा डोळे अर्धे मिटून उभा, आणि बरोबर हव्या त्या मापाला थांबायचा! बाकीचे दहादा मोजायचे, हा एकदा. मला वहिनी म्हणायचा, मी भावजी. आमच्याकडं पुरणपोळी झाली की एक त्याच्या नावाची बाजूला निघायची.

मग तो दिवस. सविस्तर लिहीत नाही. प्रेसला एक लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. ती दोन दिवस निघालेली होती. बसवायचं काम गणपतभावजींना सांगितलेलं होतं, त्यांचं राहून गेलं. ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

शेठनी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, कसं झालं? गणपतभावजी जाळीबद्दल बोललेच नाहीत. म्हणाले, "त्याच्या तोंडाला वास येत हुता."

एवढंच. पाच शब्द. माळकऱ्याच्या तोंडाला वास!

ह्यांना काढून टाकलं. ते भांडले नाहीत. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून घरी आले, भिंतीला टेकून बसले. आठ दिवसांनी गळ्यातली माळ काढून कोनाड्यात ठेवली. म्हणाले, "माझ्यापायी लोक माळेला हसतात. त्यापेक्षा नको."  पण माझ्या आत तेव्हा काहीतरी पेटलं. आणि खोटं कशाला बोलू? ऊब वाटली मला त्याची! दुःखापेक्षा राग बरा असतो. रागानं माणूस उठून कामाला तरी लागतो.

शेठला मनातून लाज वाटली असावी, कारण महिन्याभरात त्यांनी निरोप धाडला: इंदूबाईंना पिना पुसायला पाठवा. मी गेले. हे पुढं डाव्या हातानं भाजीची पाटी मांडायला लागले, आणि मी त्याच शेडमध्ये, त्याच पत्र्याखाली, रॉकेलमध्ये पिना बुडवून पुसायला बसले. समोर, फळ्यांच्या भिंतीपलीकडं, गणपतभावजींचा लेथ.

ते रोज विचारायचे, "वहिनी, किसना बरा हाय का?" आणि मी रोज म्हणायची, "बरे आहेत की भावजी." आवाज कसा, तर साखरेसारखा.

पुसता पुसता मी मोजायला शिकले. कुणी शिकवलं नाही, नुसतं बघून! दोन वर्षांत तपासणीच्या टेबलावर बसले. दामले साहेब सुपरवायझर होते, त्यांनीच बसवलं. म्हणाले, "बाई, तुमचा हात हलका आहे." काय आनंद झाला होता! त्या टेबलाचं काम तुम्हाला सोपं करून सांगते, कारण माझा सगळा गुन्हा तिथंच आहे.

पिन मोजायला गेज असतं. लोखंडाचा आकडाच म्हणा, त्याला दोन तोंडं. पहिल्या तोंडातून पिन सरकन गेली पाहिजे. दुसऱ्यात अडकली पाहिजे. दोन्ही झालं म्हणजे पिन बरोबर. पहिल्यातच अडकली तर जाड, परत टर्नरकडं, अजून थोडी घास म्हणून. दुसऱ्यातूनही गेली तर बारीक, म्हणजे भंगार. घासलेलं लोखंड परत कुठून आणणार?

आणि सगळ्यात मोठा नियम असा की पिन हाताला गार लागल्याशिवाय गेजला लावायची नाही. लेथवरून उतरलेली पिन चटका बसेल इतकी तापलेली असते, आणि तापलेलं लोखंड फुगतं. डोळ्याला दिसत नाही, गेजला कळतं. चांगला टर्नर ते धरूनच चालतो. गरम असताना केसभर जाड सोडतो, गार झाली की ती आपोआप मापात बसते. गणपतभावजींचं तर ते बोटांत मुरलेलं होतं.

आलं का लक्षात?

पहिल्यांदा चुकून झालं. देवाशपथ चुकून. घाईत होते, त्यांचा ट्रे आला, मी गरम पिन उचलली, गेजला लावली. अडकली. जाड म्हणून चिठ्ठी लिहिली, चार पिना परत पाठवल्या. पोचेपर्यंत त्या गार झाल्या होत्या. भावजींनी पुन्हा घासल्या. परत आल्या तेव्हा खरोखरच बारीक! चारही भंगारात. फळीच्या फटीतून मी बघितलं, तर ते आपल्या अंगठ्याकडं बघत होते. बघतच राहिले.

आणि मला काय वाटलं सांगू? दिवाळी वाटली. पोटातून उकळी फुटली आनंदाची! दोन वर्षं जो माणूस मला वहिनी म्हणत समोर नांदत होता, त्याला पहिल्यांदा काहीतरी टोचलं होतं आणि ते मी टोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घाईत नव्हते.

बाकीच्यांचे ट्रे मी पंख्याखाली ठेवायची. त्यांचा आला की लगेच. रोज नाही सगळ्या, एका ट्रेतल्या पाच-सहाच. नाहीतर दामले साहेबांना संशय आला असता. चटका बसू नये म्हणून पदर बोटाला गुंडाळायची. आणि मनाला काय समजवायची माहीत आहे? "मी कुठं खोटं बोलतेय? गेजच सांगतंय की जाड आहे!" बघा ना, किती सोवळी मी! त्यांनी तोंडानं खोटं सांगितलं, मी तेही केलं नाही. मी फक्त वाट बघितली नाही.

शेडमध्ये बारीक मापाचं यंत्र एकच, ते साहेबांच्या कपाटात. टर्नर लोकांकडं साधा कॅलिपर आणि बोटं. भावजींची बोटं म्हणत होती बरोबर आहे, माझी चिठ्ठी म्हणत होती चूक आहे. त्यांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवला. वहिनी कशाला खोटं लिहील?

दीड वर्षात त्या माणसाचं काय झालं ते मी फटीतून बघितलंय. आधी कॅलिपर बदलला. मग हत्यार घासायचा दगड बदलला. मग लेथला नारळ फोडला. पोरं चेष्टा करायला लागली. "गणपतराव, नारळ मापात हाय का बगा आधी, न्हाईतर वहिनी परत पाठवतील!" सगळी हसायची. तेही हसायचे, पण उशिरा. मग एकदा मोजायचं सोडून दहादा मोजायला लागले. एक दिवस फळीवरून दोन्ही हात माझ्यापुढं धरले आणि म्हणाले, "वहिनी, तुमी रोज बगता माझं काम. माझ्या हाताला काय झालं असंल वो?"

 मी म्हटलं, "वय झालं भावजी." चाळिशीचेही नव्हते हो ते!

आता माझं ऐका. माझं कसं चाललं होतं? तुम्हाला वाटेल, मजेत. सकाळी मी पळत शेड गाठायची, इतका हुरूप! पण अन्न खाल्लं की छातीत आग. जबडा असा दुखायचा की भाकरी चावता येईना. दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाले, "बाई, दाढा झिजल्यात तुमच्या. झोपेत दात कुणावर खाता?" मी हसून उडवलं. केस मुठीनं जायला लागले. ह्यांनी एकदा विचारलं, "तुला तिथं कुणी त्रास देतंय का गं?" मी "छे हो" म्हणून भाकरी थापायला बसले.

मग चऱ्होलीची जत्रा आली आणि भावजी चार दिवस रजेवर गेले. ते चार दिवस मी विसरणार नाही. टेबलावर बसले आणि करमेचना! बाकीच्यांचे ट्रे येतात, पिना गार होतात, गेजात बसतात. बसल्या तर बसल्या, त्यात काय? सगळं आळणी. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला विचारलं, इंदे, तू नवऱ्याच्या बोटांसाठी येतेस इथं, की त्या माणसाचं तोंड पडलेलं बघायला? आणि उत्तर आलं तशी मी घाबरले. जसं दारूड्याला एक दिवस मिळाली नाही की होतं ना, अगदी तसंच मला झालं होतं. घरात दारूला न शिवणारा नवरा, आणि व्यसन मला!

त्याच आठवड्यातली गोष्ट. माझी शैला तेव्हा दहाची. भाड्याची सायकल आणून शिकत होती. रविवारी दारासमोरून चकरा मारत ओरडत होती, "आई, बघ! आई, हात सोडला बघ!" मी उंबऱ्यात बसलेली, तोंड तिच्याकडंच. पण मनात उद्याचा ट्रे. किती परत पाठवायच्या, पाच की सहा? जरा वेळानं लक्षात आलं, हाका थांबल्यात. पोरगी पडली नव्हती. ती अजून चकरा मारत होती, नुसतं मला दाखवायचं सोडलं होतं तिनं.

आणि सोमवारी दामले साहेब माझ्या टेबलाशी आले. हळूच म्हणाले, "गणपतचा हा शेवटचा लॉट, बाई. हाही असाच निघाला तर शेठ त्याला लेथवरून काढून कापायच्या करवतीवर टाकणार." करवतीवर! शेडमधला सगळ्यात चांगला हात, तो दिवसभर लोखंडाचे तुकडे पाडणार. नवख्याचं काम ते.

ट्रे माझ्यापुढं आला. वाफ निघत होती त्यातून. साहेब उभेच. माझ्या हातात गेज.

आता मी म्हणू का, मला दया आली? लोकांना तेच ऐकायला आवडेल. नाही आली! मला फक्त एकच दिसलं, की आज मी जिंकणार. आणि उद्या? उद्या सकाळी मी कशासाठी उठणार? ते करवतीवर गेले तर मी दुसऱ्या फटीतून तिथं बघणार, नाहीतर दुसरं कुणी शोधणार. दाढा झिजत राहणार, शैला दाखवायचं सोडत राहणार. हे संपणारच नव्हतं. त्यांनी माफी मागून संपणार नव्हतं, त्यांची बोटं तुटूनही संपलं नसतं! ते फक्त माझ्या बाजूनं संपत होतं. मी दमले होते हो. इतकी दमले होते, की सूड उचलून धरायला हातात बळ नव्हतं.

मी गेज खाली ठेवलं.

साहेब म्हणाले, "झालं का बाई?"

मी म्हटलं, "गार होऊ द्या की साहेब!"

दीड वर्षात पहिल्यांदा ते शब्द तोंडातून निघाले. आम्ही वाट बघितली. मी पंख्याचं तोंड वळवलं. एकेका पिनेला तळवा लावून बघत होते, लेकराचा ताप बघावा तसा. मग पहिली उचलली. पहिल्या तोंडातून सरकन! दुसऱ्यात टक्क अडकली. दुसरी, तसंच. तिसरी, तसंच. अहो, सगळा ट्रे! एक म्हणून चुकीची नव्हती. काय काम होतं त्या माणसाचं, लोण्यासारखं! मी मोठ्यानं हसायला लागले. साहेब बघतायत, पिना पुसणाऱ्या बायका बघतायत, आणि मी आपली, "बसली! ही पण बसली! बघा की हो, ही पण!"

त्या दिवशी सुटल्यावर मी बस धरली नाही. चालत निघाले. पवना नदीवरचा वारा येत होता, आणि चपला हातात घेऊन पळावं असं वाटत होतं मला. पस्तिशीची बाई! घरी आले, शैलाला म्हटलं, चल, सायकल आण. सीटला धरून गल्लीच्या टोकापर्यंत तिच्यामागं धावले. बायका दारात येऊन बघायला लागल्या. "इंदूबाई, येड लागलं का?" लागलं! जेवायला बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या, वर भात. छातीत आग नाही, काही नाही. अंथरुणाला पाठ लागली ती सकाळच्या भोंग्याला उठले. माफ करणं म्हणजे काय हे मला पुराणातून नाही कळलं. ते मला असं पोट भरून, पाय दुखून कळलं. त्या दिवसाबद्दल मला आजही आनंद वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

इथं थांबले असते तर गोष्ट छान होती. लोकांनी इथंच थांबवलीय. पण मी आज थांबायचं नाही ठरवलंय.

दोन दिवसांनी गणपतभावजी पेढे घेऊन आले. त्या लॉटच्या आधी त्यांनी चष्मा केला होता. सगळ्या शेडला सांगत सुटले, "हातात काय न्हवतं, डोळ्यात हुतं! चष्म्यानं वाचवलं बगा!" मला दोन पेढे दिले. म्हणाले, "वहिनी, तुमी सांभाळून घेतलंत. दुसरं कुनी असतं तर कवाच काढला असता मला." आणि मी ते पेढे खाल्ले. दोन्ही.

खाऊन होईतो ते तिथंच उभे. जाईनात. टोपी काढली, परत घातली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, येक बोलायचं हाय. किसनाच्या येळंला मी जे बोललो शेठपुढं, ते..."

कळलं ना तुम्हाला? ते सांगायला आले होते. स्वतःहून. साडेतीन वर्षांनी. जाळीचं, वासाचं, सगळं. मागं दामले साहेब होते, बायका होत्या. चार माणसांच्या देखत बोलले असते ते. मला नुसतं गप्प राहायचं होतं! ह्यांचं नाव तिथल्या तिथं धुऊन निघालं असतं.

आणि मी हात वर केला. म्हटलं, "राहू द्या भावजी. मी कधीच सोडून दिलंय ते."

का? कारण त्यांनी सांगितलं असतं, तर मला सांगावं लागलं असतं. माणूस समोर उभा राहून आपलं पाप काढून ठेवतोय, आणि माझ्या तोंडात त्याचाच पेढा! त्यांचं ऐकून मी माझं गिळून बसू शकले नसते. तेवढी बेशरम मी नव्हते. म्हणून मी त्यांचंच तोंड बंद केलं. मोठ्या मनानं! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, वाकून नमस्कार केला मला. बायकांनी ऐकलं, साहेबांनी ऐकलं, आणि आठ दिवसांत चिंचवडभर झालं: इंदूबाईंनी माफ केलं. माझी ख्याती ती तिथून.

घरी ह्यांना एक पेढा नेला. "कसला गं?" "गणपतभावजींच्या चष्म्याचा." खाल्ला त्यांनी. म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा." मी भांडी घासायला उठले.

पुढं बरीच वर्षं मी त्या टेबलावर होते. भावजींची एकही पिन मी गरम मोजली नाही. पण ते परत पहिले झाले नाहीत. दहादा मोजायची सवय सुटली नाही ती नाहीच. नवीन पोरं आली ती भराभर काम काढायची, आणि भावजींना म्हणायची, "काका, निवांत!" ते म्हणायचे, "न्हाई रं बाबा, माझे हात येकदा गेल्यात. हातावर इस्वास न्हाई ठेवायचा." मी ऐकायची. माझ्या दाढा बऱ्या झाल्या होत्या. केस भरले होते. झोप लागत होती, अगदी गाढ.

माफ केल्यानं माणूस बरा होतो, हे मी सांगते ते खोटं नाही. मी बरी झाले. एकटी बरी झाले.

आमचे हे ऐंशी सालाच्या पुढं-मागं गेले. ताप आला आणि चार दिवसांत गेले. सकाळची वेळ होती. दारात माणसं जमली, शेडमधलेही आले, गणपतभावजी आले. सगळी तयारी चाललेली. दामले साहेबांच्या जागी आलेला नवा सुपरवायझर कुणाला तरी विचारत होता, कोण होते हे? आणि शेडमधला एक जुना माणूस म्हणाला, वाईट मनानं नाही, हळहळूनच म्हणाला, "भला माणूस हो. पिण्यापायी बोटं गेली, नाहीतर आमच्यातच असता."

गणपतभावजी त्याच्या शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढला. मान वर करून सरळ माझ्याकडं बघितलं. बोलू का, असं विचारत होते. तोंड उघडलं होतं त्यांनी.

मी मान हलवली. नको म्हणून.